करंगळीला मुंग्या येतात? कोपराजवळ दबणाऱ्या नसेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताला मुंग्या येतात अशी तक्रार कोणी केली की पहिल्यांदा विचारायचं ते एवढंच, की कोणत्या बोटांना? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर नस बहुधा मनगटात दबलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका असेल तर कोपराकडे बघायला हवं. मनगटातला त्रास सगळ्यांना ऐकून माहीत आहे. कोपरातला त्याच्या खालोखाल आढळतो, तरी लोक तो महिनोन् महिने अंगावर काढतात. हे पान त्यांच्यासाठी आहे.

नेमकी कोणती नस दबते?

अल्नर नस. ती मानेच्या खालच्या भागातून निघते, काखेतून दंडाच्या आतल्या बाजूने उतरते आणि कोपराच्या आतल्या टोकदार हाडामागच्या खोबणीतून पुढे जाते. या खोबणीवर एक चिवट पडदा ताणलेला असतो, त्यामुळे तिथे एक अरुंद बोगदा तयार होतो. डॉक्टर त्याला क्युबिटल टनेल म्हणतात. पुढे लगेच ही नस हाताच्या एका स्नायूच्या दोन भागांमधून आत शिरते. दबण्याच्या मुख्य जागा या दोनच.

इथे नसेवर चरबीची किंवा मांसाची गादी नसते. वर कातडी, खाली हाड. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झणकन करंट जातो, तो याच नसेतून. त्यात आणखी एक अडचण आहे. हात सरळ असताना नस सैल असते, पण कोपर वाकवलं की तिला हाडाला वळसा घालून ताणावं लागतं आणि त्याच वेळी बोगदाही आवळतो. या आजाराची बहुतेक लक्षणं आणि बहुतेक उपाय या एका गोष्टीवरून समजतात.

बधिरपणा करंगळीत आहे, मग डॉक्टर कोपर का तपासतात?

करंगळी, अनामिकेची करंगळीकडची अर्धी बाजू आणि तळहाताची व मागच्या हाताची (म्हणजे तळहाताच्या उलट बाजूची) तीच कड यांची संवेदना ही नस मेंदूपर्यंत नेते. वाटेत कुठेही दाब आला तरी मेंदूला त्रास बोटांतच जाणवतो. काहींना कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, पण कोपर अजिबात दुखत नसलेलेही अनेक जण असतात.

सुरुवात कशी होते?

बहुतेकांची सुरुवात रात्री होते. हात उशीखाली किंवा गालाखाली दुमडून झोपलेला माणूस पहाटे जागा होतो तो करंगळी बधिर झालेली घेऊनच. हात झटकला, सरळ केला की दोन मिनिटांत बरं वाटतं. दिवसा मोबाइल कानाला लावून बराच वेळ बोलताना, पलंगावर आडवं पडून मोबाइल बघताना, पेपर वाचताना हेच होतं. प्रत्येक वेळी कोपर वाकलेलं असतं.

पुढे बधिरपणा यायचा-जायचा थांबतो आणि मुक्कामाला येतो. मग बारीक कामं बिघडू लागतात. शर्टाची बटणं लागत नाहीत, कुलपात किल्ली फिरवताना जोर पुरत नाही, साडीच्या निऱ्या बोटांतून सुटतात, नेलकटर दाबता येत नाही, बरणीचं झाकण हटत नाही. हाताच्या बारीक हालचाली करणारे बरेचसे छोटे स्नायू याच नसेवर चालतात, म्हणून असं होतं.

त्यानंतरची पायरी डोळ्यांना दिसते. मागच्या हाताकडून पाहिलं तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा बसतो आणि तिथे खळगा पडतो. तळहाताच्या हाडांमधल्या जागाही खोल दिसू लागतात. फार उशीर झाला तर करंगळी आणि अनामिका आकड्यासारखी वाकून राहतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. या आजारात दुखणं फारसं नसतं, निदान सहन न होण्याइतकं नसतं. म्हणून लोक थांबतात. कष्टाची कामं करणाऱ्या आणि वयस्कर माणसांत तर मुंग्यांकडे लक्षच जात नाही, हात वाळल्यावरच ते दवाखान्यात येतात. मुंग्या येतात-जातात तोवरचा काळ उपचारासाठी सर्वांत चांगला असतो.

घरच्या घरी काही तपासून बघता येईल का?

हो, तीन साध्या गोष्टी करता येतात. त्यातून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जायचं की नाही हे ठरवायला मदत होते.

दोन्ही कोपरं पूर्ण दुमडा, मनगटं सरळ ठेवा आणि एक मिनिट थांबा. त्रास असलेल्या हाताच्या करंगळीत मुंग्या सुरू झाल्या तर शंका बळावते. मात्र काही निरोगी माणसांनाही असं होतं, त्यामुळे एवढ्यावरूनच घाबरू नका.

एक कागद दोन्ही हातांनी, अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये पकडा. अंगठे सरळ ठेवून दोन्ही हातांनी कागद ओढा. स्नायू अशक्त झालेल्या हाताचा अंगठा पेरात वाकतो, कारण दुबळा झालेला स्नायू पकडू शकत नाही आणि दुसऱ्या नसेवर चालणारा स्नायू त्याच्या मदतीला येतो. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ जूल्स फ्रोमाँ यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ही खूण नोंदवली आणि आजही ती तपासणीत वापरली जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे मधलं बोट तर्जनीवर चढवून बघा. दुसऱ्या हाताला सहज जमतं आणि या हाताला जमत नाही, असं असेल तर लवकर दाखवा.

हे कशामुळे होतं?

पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. कोपर वाकवून झोपायची सवय, कोपर टेकवून बसायची सवय, दोन्ही मिळून काम करतात. गल्ल्यावर कोपर टेकून दिवसभर बसणारे दुकानदार, खिडकीच्या कडेवर हात ठेवून गाडी चालवणारे ड्रायव्हर, टेबलाच्या धारेवर कोपर ठेवून कॉम्प्युटरवर काम करणारे यांच्यात हा त्रास दिसतो. काहींच्या कोपरातील सांधा झिजून हाडाचे टोकेरी भाग वाढतात. क्वचित तिथे गाठ असते. काही जणांची नस कोपर वाकवताना हाडावरून पुढे घसरते आणि सरळ केल्यावर परत जागेवर येते, त्यात ती घासते. मधुमेह असेल तर नसा आधीच नाजूक असतात, थोड्या दाबानेही दुखावतात. आजारपणात बरेच दिवस पलंगावर पडून असलेल्यांची कोपरं गादीवर दाबून राहतात, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावं.

लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडलं होतं. आता पन्नाशीत हात वाळतोय. याचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि गावाकडून येणाऱ्या रुग्णांना हा प्रश्न हमखास विचारावा लागतो. लहान मुलांमध्ये कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं आणि ते नीट जुळलं नाही, तर वाढत्या वयात हात कोपरापाशी बाहेरच्या बाजूला वळत जातो. आतल्या बाजूच्या नसेला मग वर्षानुवर्षं जास्त अंतर कापावं लागतं आणि ती ताणून ताणून निकामी होत जाते. मूळ अपघात आणि हातातली अशक्तता यांत दहा, वीस, तीस वर्षंही जातात.

हाडवैद्याकडून बांधून घेतलेल्या कोपराचा एक्स-रे त्या वेळी काढलेलाच नसतो, हे अनेकदा घडतं. मूल कोपरावर पडलं आणि सूज आली तर बांधून घेण्याआधी एक्स-रे काढा. कोपराचं हाड अंदाजाने बसवण्याजोगं नाही.

अंगावर एक फिकट चट्टाही आहे. त्याचा यात काय संबंध?

फार मोठा संबंध असू शकतो. भारतात हा मुद्दा विसरून चालणारच नाही. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागात वाढतो आणि कोपरापाशी कातडीखालीच असलेली अल्नर नस त्याला सोयीची पडते. या रोगात सर्वांत जास्त वेळा बाधित होणाऱ्या नसांपैकी ही एक आहे. कोपराच्या वर नस जाड आणि दुखरी लागते, करंगळी बधिर होते, हात वाळतो. वरवर पाहता सगळं नस दबल्यासारखंच.

म्हणून अंग नीट बघून घ्या, पाठ दुसऱ्याला बघायला सांगा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ झाले आहेत, असा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. काही रुग्णांच्या अंगावर चट्टा अजिबात नसतो, फक्त नस जाड होते. ते ओळखायला अनुभवी हात लागतो.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. वरोऱ्याजवळचं बाबा आमटे यांचं आनंदवन सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हा आजार आता इतिहासजमा झाला, असा समज पसरला आहे. देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी झाल्याचं २००५ च्या अखेरीस जाहीर झालं, हे खरं आहे. पण आजही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. चंद्रपूर-गडचिरोलीत ते आहेत, तसेच मुंबईतही आहेत.

याचं औषध सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. आजाराच्या प्रकारानुसार ते ६ किंवा १२ महिने घ्यायचं असतं आणि सुरू झाल्यावर संसर्गाची भीती झपाट्याने संपते. नसेची ताकद गेल्या ६ महिन्यांत कमी झाली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती परत येण्याची शक्यता असते. त्यानंतर ती शक्यता कमी होत जाते. लाजेपायी हे महिने घालवणाऱ्या माणसाचा हात कायमचा जाऊ शकतो, आणि हे टाळता येण्यासारखं असतं. ती लाज आपल्या समाजाने दिली आहे, रोगाने नाही.

मानेतली नस दबली आहे असं एका डॉक्टरांनी सांगितलं. दोन्हींत फरक कसा करायचा?

एक चांगली खूण आहे. अल्नर नसेची संवेदना मनगटाच्या थोडी वर संपते. बधिरपणा हाताच्या आतल्या बाजूने कोपराकडे वर चढत असेल तर त्रासाचं मूळ मानेत किंवा काखेच्या वर असण्याची शक्यता वाढते. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तरही तसंच.

मनगटाशीही ही नस दबू शकते, उदाहरणार्थ सायकलच्या हँडलवर तासन् तास भार टाकणाऱ्यांमध्ये. तेव्हा करंगळीची पुढची बाजू बधिर होते पण मागच्या हाताची कड शाबूत राहते, कारण मागच्या हाताकडे जाणारी शाखा मनगटाआधीच फुटलेली असते. मधुमेहाचा किंवा बी-१२ च्या कमतरतेचा बधिरपणा बहुधा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतो.

दोन गोष्टींत मात्र वाट बघू नका. तंबाखू-विडी ओढणाऱ्या माणसाचा खांदा दुखतो, त्याच बाजूचा हात वाळतो आणि पापणी खाली येते, असं असेल तर छातीचा एक्स-रे लगेच काढावा लागतो, कारण फुफ्फुसाच्या वरच्या टोकाची गाठ याच नसांच्या मुळांवर दाबते. आणि हात अचानक बधिर पडून तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात समजून थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

कोणत्या तपासण्या लागतात?

आधी डॉक्टरांनी हात, कोपर आणि मान हाताने तपासायला हवी. त्यानंतर नर्व्ह कंडक्शनची तपासणी करतात. यात कातडीवरून हलका करंट देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. अंगाला झटके बसतात, ते नकोसे वाटतात, पण धोका नसतो. कोपराच्या भागात वेग सेकंदाला ५० मीटरच्या खाली गेला, किंवा मनगटाकडच्या भागापेक्षा १० मीटरहून अधिक मंदावला, तर तिथे नस दबली आहे असं मानतात. हात गार असेल तर वेग खोटा कमी येतो, म्हणून एसी खोलीत बराच वेळ बसल्यावर हात ऊबदार करून घ्या. अगदी सुरुवातीला ही तपासणी नॉर्मलही येते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास काल्पनिक ठरत नाही.

सोनोग्राफीत नस फुगलेली दिसते, गाठ असेल तर सापडते. जुनं फ्रॅक्चर असेल तर एक्स-रे.

मानेचा एमआरआय सर्वांत आधी करून घेण्याची जी घाई दिसते ती मला चुकीची वाटते. चाळिशीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये बहुतेकांना काही ना काही चकती सरकलेली दिसतेच. मग सगळा उपचार मानेचा होतो, पट्टा लागतो, आणि कोपर कोणी तपासतच नाही.

ऑपरेशनशिवाय बरं होतं का?

सौम्य त्रास असेल, ताकद शाबूत असेल तर पुष्कळांना होतं. त्यासाठी करायची गोष्ट ऐकायला फार साधी आहे, म्हणून लोक ती मनापासून करत नाहीत.

रात्री कोपर वाकू द्यायचं नाही. अंघोळीचा टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळून वर पट्टी लावा, म्हणजे हात पूर्ण दुमडता येत नाही. बाजारात तयार पट्टेही मिळतात. हात काठीसारखा सरळ राहायला नको, ३० ते ४५ अंशांपर्यंत वाकलेला चालतो. बांधणी घट्ट नको, नाहीतर दाब वाढेल. सुरुवातीच्या आठवड्यात झोप मोडते, पट्टी रात्रीत सुटलेली सापडते. तरी दोन-तीन महिने नेटाने करा.

दिवसा फोनवर बोलताना इअरफोन किंवा स्पीकर वापरा. कोपर टेकवायची सवय सोडा, खुर्चीच्या हातावर मऊ कापड बांधा. कीबोर्ड इतका जवळ नको की कोपर काटकोनाहून अधिक दुमडेल. जिममध्ये कोपर वाकवून करायचे वजनाचे व्यायाम काही काळ बंद ठेवा.

नस सरकती ठेवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. ते सावकाश करायचे, मुंग्या येण्याआधी थांबायचं. मात्र सवयी तशाच ठेवून नुसत्या व्यायामाने काही होत नाही.

नसांच्या गोळ्या, इंजेक्शन, मालीश, शेक यांचा उपयोग?

बी-१२ च्या गोळ्या ज्यांच्यात बी-१२ कमी आहे त्यांच्यासाठी आवश्यक आहेत. इतरांत त्या दाब कमी करत नाहीत. प्रिगॅबालिन, गॅबापेन्टिनसारखी औषधं जळजळ आणि कळ कमी करतात, पण गुंगी आणतात आणि नस मोकळी करत नाहीत. त्रास कमी वाटला म्हणून आजार थांबला असं समजू नका, हातातली ताकद बघत राहा. या जागी दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनचा फायदा मनगटातल्या इतका भरवशाचा दिसलेला नाही.

कोपराच्या आतल्या खोबणीत जोर लावून मालीश करू नका. आधीच दबलेल्या नसेला अंगठ्याने रगडण्यात काहीच भलं नाही. आणि बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावाल तर फोड येईपर्यंत कळणार नाही.

ऑपरेशन कधी करावं लागतं?

बधिरपणा कायमचा झाला, पकड कमी झाली, किंवा खळगा दिसू लागला की पुढे ढकलू नये. सवयी बदलून तीन महिने झाले आणि फरक नाही, किंवा दुसऱ्यांदा केलेल्या तपासणीत वेग आणखी घसरला, तरीही.

त्यात नेमकं काय करतात?

साधा प्रकार म्हणजे नसेवरचा आवळलेला पडदा उघडून तिला जागेवरच मोकळं करणं. दुसऱ्या प्रकारात नस खोबणीतून उचलून हाडाच्या पुढच्या बाजूला ठेवतात, म्हणजे कोपर वाकवल्यावर ती ताणत नाही. नस घसरत असेल, कोपर वाकडं असेल किंवा आधीचं ऑपरेशन फसलेलं असेल तर हा दुसरा प्रकार निवडतात. एरवी दोन्हींचे निकाल जवळपास सारखे येतात आणि साध्या प्रकारात जखमेच्या तक्रारी कमी असतात. त्यामुळे मोठं ऑपरेशन म्हणजे चांगलं ऑपरेशन, असा हिशोब इथे करू नये.

पुष्कळदा हात बधिर करून काम होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. टाके १० ते १४ दिवसांत निघतात. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. हलकी कामं काही आठवड्यांत सुरू होतात. जड ओझं, कुदळ-फावडं यांना साधारण दीड-दोन महिने तरी लांब ठेवावं लागतं, नस हलवली असेल तर जास्त. धोके थोडे आहेत, पण आहेत. जंतुसंसर्ग, रक्त साकळणं, व्रणाजवळ बधिर किंवा झोंबरी जागा राहणं, आणि काहींत त्रास परत येणं.

नंतर हात पहिल्यासारखा होईल का?

किती उशिरा आलात यावर ते आहे. येत-जात असलेल्या मुंग्या लवकर थांबतात, काहींच्या तर पहिल्या काही दिवसांतच. कायमचा बधिरपणा हळूहळू उतरतो. नसेचे आतले तंतूच मेले असतील तर ते कोपरापासून नव्याने वाढत जातात, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापासून हाताच्या छोट्या स्नायूंपर्यंतचं अंतर २५ ते ३० सेंटिमीटर असतं, म्हणजे जवळपास वर्ष. आणि नसेवाचून वर्ष-दीड वर्ष राहिलेला स्नायू नस पोहोचली तरी बहुधा जागा होत नाही. वाळलेला हात घेऊन आलेल्या माणसाला ऑपरेशनचा मुख्य उद्देश उरलेलं वाचवणं हा असतो, हे त्याला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

तरीही मार्ग संपत नाहीत. दुसऱ्या चालू स्नायूचा स्नायुबंध वळवून वाकडी बोटं सरळ करता येतात, चिमटीची ताकद सुधारता येते. काही ठिकाणी शेजारच्या नसेची शाखा मनगटाजवळ जोडून स्नायू जिवंत ठेवतात.

आईची करंगळी बधिर आहे आणि सगळा स्वयंपाक तीच करते. काय काळजी घ्यावी?

भाकरी उलटताना हाताची करंगळीकडची कड तव्याला लागते आणि तिला कळत नाही. उलथनं वापरायला सांगा, कुकर-पातेलं दोन्ही हातांनी जाड फडक्याने धरू द्या, गरम पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घेऊ द्या. रोज रात्री हात उजेडात नीट बघायचा. न दुखणारा फोड किंवा चीर दिसली की त्याच दिवशी मलमपट्टी. शेतात विळा-कोयता चालवणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं?

आधी घरच्या डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात अस्थिरोगतज्ज्ञ असतात. जाताना कोणती बोटं, कधीपासून, रात्री की दिवसा, आणि कोणतं काम जमेनासं झालं, हे लिहून न्या. मधुमेह, जुनं फ्रॅक्चर, अंगावरचा चट्टा यांचा उल्लेख विचारलं नाही तरी करा. बाही कोपराच्या बरीच वर सरकेल असा कपडा घाला, कारण नस दंडापासून खाली चाचपत यावी लागते.